कण्हेरीपासून कांद्यापर्यंत: हृदयासाठी झाडांत नेमकं काय असतं?

नाशिकहून मुंबईकडे निघा नाहीतर धुळ्याकडे, महामार्गाच्या दुभाजकावर कुठे ना कुठे कण्हेर भेटतेच. गुलाबी-पांढरी फुलं, उन्हाची पर्वा नाही, धुराची नाही, आणि मोकाट जनावरंही तिच्या वाटेला जात नाहीत. जनावरं टाळतात याला कारण आहे. कण्हेरीच्या पानात, फुलात, सालीत, मुळात ओलिअँड्रिन नावाचं द्रव्य असतं आणि ते थेट हृदयाच्या स्नायूवर काम करतं. आपली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिच्या बियांत याच कुळातली द्रव्यं आहेत. श्रीलंकेत या बिया खाऊन विषबाधा झालेल्यांचे हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्यात माणसं दगावतात, हे तिथल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नोंदवलं आहे.

आणि याच घराण्यातल्या एका द्रव्याची गोळी आज जगभर हृदयरुग्णांना दिली जाते. तिचं नाव डिगॉक्सिन.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्यामुळे नातेवाईक, शेजारी, विद्यार्थ्यांचे आईवडील सगळे एकच विचारतात: अमुक झाडानं हृदयविकार बरा होतो का? अर्जुनाची साल, लसूण, काळी द्राक्षं, दुधीचा रस, नाव दरवेळी वेगळं. झाडांत गुण नाहीत असं मी कधीच म्हणत नाही, कारण हृदयाची कितीतरी औषधं झाडांनीच दिली आहेत. पण कुठलं द्रव्य, किती प्रमाणात, रक्तात किती पोचलं आणि माणसांवर तपासल्यावर काय दिसलं, हे चार प्रश्न मी विचारते. या लेखात तेच प्रश्न आपल्या ओळखीच्या झाडांना विचारून पाहू.

कण्हेरीतल्या द्रव्यांच्या घराण्यापासूनच सुरुवात करू. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं फॉक्सग्लव्ह नावाच्या झुडपावर पुस्तक लिहिलं. अंगावर सूज आलेल्या रुग्णांना एक म्हातारी घरगुती काढा देते आणि गुण येतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली खरं काम करणारी फॉक्सग्लव्हच, हे त्यानं ओळखलं, आणि मग जवळजवळ दहा वर्षं कोणाला किती दिलं आणि काय झालं याच्या नोंदी ठेवल्या. गुण आलेले रुग्ण त्यानं लिहिले, त्रास झालेलेही लिहिले. १९३० मध्ये त्याच जातभाईंतल्या एका झुडपातून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं झालं.

हे द्रव्य करतं काय? हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. विहिरीला सतत पाझर असतो आणि मोटर ते पाणी उपसत राहते, तसा हा पंप आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन हा पंप थोडा मंद करतं. आत सोडियम साचलं की कॅल्शियमचीही बाहेर जायची वाट अडते. कॅल्शियम वाढलं की स्नायू जास्त जोरानं आवळतो. शिवाय वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश मंदावतो, म्हणून फार वेगानं धडधडणारं हृदय जरा शांत होतं.

पंप थोडा मंद झाला तर औषध, फार मंद झाला तर विष. या दोन्हींत अंतर अगदी थोडं आहे. डिगॉक्सिनची नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर तेवढीही जास्त होते. आता विचार करा: कण्हेरीच्या एका पानात नेमकं किती द्रव्य आहे? पान कोवळं की जून, झाड कुठल्या जमिनीतलं, ऋतू कोणता, यावर ते बदलतं. म्हणून कण्हेरीचा, बिट्टीचा किंवा रुईचा कसलाही काढा पोटात घेऊ नये. रुईच्या चिकातही याच कुळातली द्रव्यं असतात.

डिगॉक्सिनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आधी फॉक्सग्लव्हच्या आणि मग शुद्ध रूपात मिळून दोनशे वर्षं वापरात असलेलं हे औषध १९९७ मध्ये सुमारे ६,८०० हृदयरुग्णांवर नीट तपासलं गेलं. रुग्णालयात भरती व्हायची वेळ कमी आली, पण मृत्यूंचं प्रमाण घटलं नाही. इतकं जुनं, इतकं नामांकित औषध, तरी त्याला परीक्षेला बसवलं आणि निकाल जसा आला तसा छापला. झाडपाल्याच्या प्रत्येक औषधाला हीच परीक्षा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. तो त्या औषधाचा मान आहे.

आपल्याकडेही ही परीक्षा झाली आहे, आणि ती मुंबईत. सर्पगंधा आयुर्वेदात पूर्वापार आहे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून अजमलीन हे द्रव्य वेगळं केलं. हकीम अजमल खान यांच्या नावावरून ते नाव. ठोके अनियमित होण्याच्या एका आनुवंशिक विकाराच्या तपासणीत अजमलीन अजूनही काही देशांत वापरतात. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काय दिसलं ते १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. तो लेख वाचून पाश्चात्त्य जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसरपिन वेगळं झालं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव ठळक असायला हवं होतं.

रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेली रसायनं रिकामी करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण तीच रसायनं मेंदूतही लागतात. म्हणून सुस्ती येते, नाक चोंदतं, काहींना उदास वाटू लागतं. नवी, जास्त सोसवणारी औषधं आली तसं रेसरपिन मागे पडलं. उकरून उकरून जंगलातली सर्पगंधाही इतकी कमी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत.

आता आपल्या घरच्या पिकांकडे येऊ. द्राक्ष आधी.

द्राक्षाच्या सालीत रेस्वेराट्रॉल असतं. हे नाव वेलनेसच्या जाहिरातींत तुम्ही वाचलं असेल. बागाईतदारांना त्याची खरी ओळख दुसऱ्या बाजूनं आहे, फक्त नावानं नाही. वेलीवर डाऊनीसारखी बुरशी चढू लागली की वेल स्वतःच्या बचावासाठी जी रसायनं तयार करते, त्यांतलं हे एक. म्हणजे रेस्वेराट्रॉल हे मुळात वेलीचं बुरशीनाशक. माणसाच्या हृदयासाठी ते बनलेलंच नाही.

१९९१ च्या सुमारास अमेरिकी टीव्हीवर चर्चा सुरू झाली की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी, तर हा रेड वाइनचा प्रताप असेल. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर रेस्वेराट्रॉल टाकलं की रक्तवाहिन्या सैल होतात, जळजळ कमी होते, असं दिसत होतं. पण माणसानं ते गिळलं की आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून टाकतात. मूळ रूपात रक्तात जेमतेम अंश पोचतो. दुसरी अडचण प्रमाणाची. रेड वाइनच्या लिटरमागे ते सरासरी २ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला शेकडो मिलिग्रॅम दिलं गेलं. ५०० मिलिग्रॅमसाठी हिशोब करा, अडीचशे लिटर वाइन होते.

इटलीतल्या कियांटी या वाइनच्याच मुलखात ६५ च्या पुढच्या ७८३ माणसांच्या लघवीत रेस्वेराट्रॉलचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांच्या शरीरात ते जास्त होतं त्यांना हृदयविकार कमी झाला, असं काही नाही. मृत्यूही कमी नव्हते. आपल्या जिल्ह्याची वाइन आज नावारूपाला आली आहे, त्याचा अभिमान मलाही आहे, पण हृदयाला बरी म्हणून ती कोणी सुरू करू नये. दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. द्राक्षं मात्र खा. काळ्या द्राक्षांच्या सालीत रंग देणारी अँथोसायनिन्सही असतात. मधुमेह असेल तर मोजून खा.

कांद्याची कहाणी थोडी बरी आहे. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर उतरतो तो लाल-गुलाबी कांदा क्वेर्सेटिन या द्रव्यानं चांगला समृद्ध असतो. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी. आणि ते सगळ्यात जास्त असतं बाहेरच्या थरांत, म्हणजे सोलताना आपण सालीबरोबर जो पहिला जाड पापुद्रा घाईघाईनं काढून टाकतो त्यात. सुकलेली साल काढावी, पण तिच्या खालचा रसदार थर टाकू नये. कांद्यातलं क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं आणि या रूपात ते सफरचंदातल्यापेक्षा जास्त चांगलं शोषलं जातं.

रक्तदाबावर त्याचा परिणाम किती? २०१६ मध्ये सात चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले गेले. वरचं बीपी सरासरी ३ अंकांनी उतरलं, आणि तेही मुख्यतः दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्वेर्सेटिन घेतलेल्यांत. १०० ग्रॅम लाल कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे त्या मात्रेसाठी रोज सव्वा ते अडीच किलो कांदा! जेवताना फोडून घेतलेला एक कांदा चांगलाच, पण तो औषधाची गोळी नाही.

लसणाचं रसायन मला सगळ्यात सुंदर वाटतं. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात ॲलीन हा पदार्थ एकीकडे आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसरीकडे, वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. ॲलिसिन टिकाऊ नसतं. त्यापासून गंधकाची आणखी संयुगं होतात, आणि ती रक्तात गेल्यावर तांबड्या पेशी त्यांच्यापासून किंचित हायड्रोजन सल्फाइड बनवतात. रक्तवाहिनीचा स्नायू त्यानं सैलावतो. अख्खी पाकळी थेट गरम तेलात टाकली तर एन्झाइम उष्णतेनं मरतं आणि ॲलिसिन बनतच नाही. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवावी, मग फोडणीत टाकावी. खलबत्त्यातल्या लसणाच्या चटणीत हे आपोआपच साधतं.

चाचण्या काय म्हणतात? कोलेस्टेरॉलच्या बाबतीत लसूण नापास झाला. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९२ जणांवर सहा महिने चाचणी घेतली, कच्चा लसूण, पावडर आणि मुरवलेल्या लसणाचा अर्क, तिन्ही देऊन पाहिलं. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते हललं नाही. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र चित्र चांगलं आहे. बीपी मुळात वाढलेलं असेल तर लसणाच्या तयार मात्रांनी वरचा अंक सरासरी ८ च्या आसपास उतरलेला दिसतो. अभ्यास छोटे आहेत, आणि बहुतेक मात्रा प्रमाणित अर्काच्या होत्या, पण हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आता अर्जुन. आपल्या भागात अर्जुन सादडा म्हणतात तो, नदीकाठचा, गुळगुळीत फिक्या सालीचा उंच वृक्ष. आयुर्वेदात हृदयासाठी याचं नाव सगळ्यात आधी येतं. सालीत अर्जुनोलिक आम्ल, टॅनिन्स, फ्लेव्होनॉइड्स अशी बरीच द्रव्यं आहेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती हृदयाच्या पेशींना जपताना दिसतात. १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या डॉक्टरांनी हृदय अशक्त झालेल्या १२ रुग्णांवर छोटी चाचणी केली आणि त्यांना बरंच बरं वाटलं. मग २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी मोठी, काटेकोर चाचणी छापली. नेहमीची औषधं चालू असलेल्या रुग्णांना १२ आठवडे सालीचा अर्क किंवा तसाच दिसणारा बिनऔषधी पदार्थ दिला, आणि कोणाला काय मिळतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक नव्हतं. हृदयाची रक्त फेकण्याची ताकद अर्कानं वाढली नाही.

याचा अर्थ अर्जुन निरुपयोगी असा मी काढत नाही. एक अर्क, एक मात्रा, तीन महिने, एवढंच तपासलं गेलं. पण गोळ्या बंद करून सालीवर विसंबावं एवढा आधार आज कुठेही नाही. पंचवटीत आमच्या शेजारच्या काकूंनी मला हेच विचारलं होतं.

"ताई, यांची बीपीची गोळी बंद करून अर्जुनाची साल दिली तर चालेल ना? गोळीची म्हणे सवय लागते."

"सवय नाही लागत, काकू. गोळी आहे तोवर बीपी खाली राहतं, बंद केली की परत चढतं. साल द्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या, पण गोळी थांबवू नका."

बीपीच्या काही गोळ्या अशा आहेत की त्या एकदम थांबवल्या तर दाब आणि ठोके पूर्वीपेक्षाही जोरात उसळतात. काकूंना मी तेही सांगितलं.

गुग्गुळाचं थोडक्यात सांगते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं त्यावर पुष्कळ काम केलं, आणि भारतात कोलेस्टेरॉलसाठी तो विकलाही गेला. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तर एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

मग या सगळ्यांत पास झालंय कोण? माझं उत्तर ऐकून लोकांचा विरस होतो: इसबगोल. रात्री पोट साफ व्हावं म्हणून घेतो तोच भुसा. त्यातला विरघळणारा तंतू पाण्यात बुळबुळीत होतो आणि आतड्यात पित्तातल्या आम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, म्हणून ते उतरतं. रोज सुमारे १० ग्रॅमनं एलडीएल साधारण १३ अंकांनी उतरतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ मध्ये पाकिटावर तसं लिहायची परवानगी दिली. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर देतात त्या स्टॅटिनच्या गोळीनं एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, त्यापुढे हे थोडंच, पण खरं आहे. भरपूर पाण्यातून घ्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब, नाहीतर तो गोळ्याही धरून ठेवतो. ओट्स, मेथीदाणे, राजमा यांतला तंतूही याच वाटेनं काम करतो.

बागलाण-मालेगावकडचं डाळिंबही रक्तदाब थोडा उतरवतं असं छोट्या अभ्यासांत दिसतं. रसापेक्षा दाणे बरे, साखर एकदम चढत नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी, कारण "वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार?" या वाक्यानं बरंच नुकसान होतं.

जेष्ठमध. घसा बसला की आपण कांडी चघळतो, दोन दिवस ठीक आहे. पण त्यातलं ग्लिसिऱ्हायझिन मूत्रपिंडात मीठ अडवून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं, म्हणून रोज घेतलं तर बीपी वाढतं. स्वीडनमध्ये २०२४ साली छापलेल्या एका चाचणीत दिवसाला अवघ्या १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिननं दोन आठवड्यांत तरुण, धडधाकट माणसांचं वरचं बीपी ३ अंकांनी चढलं. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी रोजच्या काढ्यात जेष्ठमध आहे का ते पाहावं. डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घटणं आणखी धोक्याचं.

दुधीचा रस. सकाळी फिरायला गेल्यावर हृदयासाठी म्हणून तो पिणारे खूप आहेत. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन असतं, आणि त्याला उतारा नाही. २०१० मध्ये दिल्लीत कडू रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर संपूर्ण दुधी फेका. "कडू म्हणजे गुणकारी" असं समजून तो रस घोटू नका. भाजी करून खाल्लेला गोडा दुधी कधीही चांगला.

ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी लसणाच्या कॅप्सूल आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच सांगावं. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची गरज नाही, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवावं, कारण त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. आमटीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांना कोणी अडवत नाही. हळदीतलं कर्क्युमिन तसंही फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पाइपरिन घालतात. बंगळुरूच्या एका अभ्यासात त्यानं शोषण वीस पटींनी वाढलं होतं. पण पाइपरिन इतर औषधंही जास्त शोषायला लावू शकतं, आणि अशा कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेला प्रत्येक काढा, चूर्ण आणि कॅप्सूलची बाटली पिशवीत घालून न्या. "आयुर्वेदिक काहीतरी घेतो" एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.

आणि छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर लसणाची पाकळी, अर्जुनाचा काढा, ओवा, सोडा यांत वेळ घालवू नका. बायकांना आणि मधुमेह्यांना कधीकधी नुसती मळमळ, धाप आणि थकवाच जाणवतो. अडलेली रक्तवाहिनी जितका वेळ अडून राहते तितका हृदयाचा स्नायू मरत जातो. रुग्णाला चालवू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जिथे लगेच ईसीजी निघेल तिथे न्या.